अकरावीतल्या लेकाचं सॅटचं गणित: ६१० वर गाडी अडलीये, मदत करा

कैरीचं पन्हं | १७ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी फक्त वाचायला येते पण आज अगदी गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय, आधी कुणी काढला असेल तर लिंक द्या, मला सापडला नाही.

आम्ही न्यू जर्सीत, लेक अकरावीत म्हणजे इथल्या भाषेत ज्युनियर. मार्चमध्ये सॅट (इथली कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) द्यायचीये. गेल्या शनिवारी त्यानं ब्लूबुकवर (सॅटचं ॲप) पहिली पूर्ण प्रॅक्टिस टेस्ट दिली, रीडिंग-रायटिंगमध्ये ६९० आणि गणितात ६१०. आमच्या घरात उलटं अपेक्षित होतं! शाळेत गणितात ए मायनस आहे, अल्जेब्रा टू झालंय, आता प्रीकॅल्क (कॅल्क्युलसच्या आधीचा कोर्स) चालू आहे, म्हणजे येत नाही असं नाहीये. चुकलेले प्रश्न नंतर दाखवले की "ओह" म्हणतो आणि दोन मिनिटांत सोडवून देतो. मग परीक्षेत काय होतं?

आता घरची परिस्थिती. नवरा इंजिनियर, त्याचं गणित पक्कं, पण शिकवायला बसला की दहाव्या मिनिटाला "अरे एवढं साधं येत नाही तुला?" आणि अकराव्या मिनिटाला बेडरूमचं दार आपटल्याचा आवाज. परवा तर १७ च्या पाढ्यावरून महाभारत झालं. मी स्वतः मिरजेला मराठी माध्यमात शिकलेली, मला 'चढ' कळतो पण 'स्लोप' म्हटलं की अजून क्षणभर थांबावं लागतं, त्यामुळे माझी मदत म्हणजे बदाम भिजवणे. एका क्लासला दोन महिने घातलं होतं (नाव घेत नाही), दर आठवड्याला चाळीस पानांचा गठ्ठा घरी यायचा आणि तपासून कुणीच देत नव्हतं, बंद केला.

चार महिने आहेत. कुठून सुरुवात करू? ७०० च्या पुढे गेला तरी मी इथे सगळ्यांना पुरणपोळ्या.

---

उंटावरचा शहाणा | १७ नोव्हेंबर, रात्री ११.०५

पुरणपोळी कुरियर करणार असाल तर मी पण उत्तर देतो. बदाम चालू ठेवा.

(वाचतोय, माझी नववीत आहे.)

---

टेक्सासची तुळस | १८ नोव्हेंबर, सकाळी ७.५२

पन्हं, आधी एक श्वास घे. माझ्या लेकीचं गेल्या वर्षी झालं, ५९० वरून ७४० पर्यंत गेली आणि ती काही गणितातली राणी वगैरे नाही.

परीक्षेची रचना तुला माहीत असेलच, तरी लिहिते कारण आम्हाला ती उशिरा कळली आणि त्यात एक महिना फुकट गेला. गणिताचे ४४ प्रश्न, ७० मिनिटं. पण ते सलग नाहीत, २२-२२ ची दोन मॉड्युल, प्रत्येकी ३५ मिनिटं. पहिल्यात सोपे मध्यम अवघड सगळे मिसळून असतात आणि तिथे कसं केलंय त्यावरून दुसरं मॉड्युल सोपं येणार की कठीण ते ठरतं. सोपं आलं तर पोरं खूश होतात की वा काय मस्त गेलं, पण तिथे सगळं बरोबर आलं तरी स्कोअर एका मर्यादेच्या वर जातच नाही. म्हणजे पहिल्या मॉड्युलमध्ये धांदरटपणा केला की पुढचा दरवाजाच बंद. माझी लेक पहिलं मॉड्युल २४ मिनिटांत संपवून बोटं मोडत बसायची! खऱ्या परीक्षेत वेळ संपेपर्यंत पुढे जाता येत नाही आणि पुढे गेल्यावर मागे येता येत नाही, मग उरलेली मिनिटं ताळा करायलाच आहेत ना.

दुसरं, गणिताच्या पूर्ण पेपरला कॅल्क्युलेटर चालतो आणि निगेटिव्ह मार्किंग नाहीये. एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. हे तिला सांगूनसुद्धा पहिल्या दोन टेस्टला तीन-तीन रिकामे होते.

आणि क्लासचा गठ्ठा रद्दीत घाल. ब्लूबुकमधल्या पूर्ण टेस्ट आणि खान अकॅडमी या वेबसाइटवरचा सॅटचा कोर्स, दोन्ही फुकट आहेत. फक्त ब्लूबुकच्या टेस्ट जपून वापर, मोजक्याच आहेत, दर शनिवारी एक उडवली तर जानेवारीत हातात काही उरणार नाही.

---

घनमूळ | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

मी इथे हायस्कूलला गणित शिकवतो, बारा वर्षं झाली. तुळसबाईंनी लिहिलंय त्याला अनुमोदन.

पन्हं, ६१० आणि "ओह" म्हणून दोन मिनिटांत सोडवतो, हे वाचूनच मला मुलगा दिसला. असे माझ्या वर्गात दरवर्षी आठ-दहा असतात. यांना गणित येतं, पण काय विचारलंय ते पूर्ण वाचत नाहीत. तुम्ही एक करा, त्या टेस्टमधले चुकलेले प्रश्न काढा आणि प्रत्येकाच्या पुढे कारण लिहायला सांगा. तुम्ही लिहू नका, त्यानं लिहायचं. कारणं चारच असतात: मुद्दाच माहीत नव्हता, माहीत होता पण सुचला नाही, आकडेमोड चुकली, आणि प्रश्न नीट वाचला नाही. "सिली मिस्टेक" असं लिहिलं तर खोडून पुन्हा लिहायला लावा, त्या शब्दाखाली सगळं झाकलं जातं.

नमुना देतो. ३एक्स + ५ = २० असेल तर ६एक्स + १० किती? मुलगा झपाझप एक्स काढतो, ५ आला, पर्यायांत ५ आहेच, टिचकी मारून पुढे. विचारलं होतं ६एक्स + १०, म्हणजे डावी बाजू नुसती दुप्पट, उत्तर ४०. एक्स काढायची गरजच नव्हती. पेपर काढणाऱ्यांना माहीत असतं तुम्ही कुठे थांबणार आहात, तिथेच पर्याय ठेवलेला असतो.

दुसरा हमखास खड्डा टक्केवारीचा. ३० टक्के सवलत देऊन जाकीट ८४ डॉलरला मिळालं, मूळ किंमत किती? अर्धा वर्ग ८४ चे ३० टक्के काढून त्यातच मिळवतो आणि १०९.२० म्हणतो. अरे बाबा, ३० टक्के कशाचे होते? मूळ किमतीचे. ०.७ नं भागा, १२०. हे एकदा डोक्यात बसलं की आयुष्यभर सेलमध्ये पण उपयोगी पडतं.

आणि जिथे पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं असतं (साधारण पाव प्रश्न तसे), तिथली टाइप करण्याची रीत आधीच शिकवा. साडेतीन आलं तर ७/२ किंवा ३.५ लिहायचं, ३ १/२ तसंच ठोकलं तर ते एकतीस भागिले दोन होतं. दोन तृतीयांश दशांशात लिहायचं असेल तर ०.६७ चालत नाही, ०.६६७ किंवा ०.६६६ लागतं. सरळ २/३ लिहावं, कटकट नाही. उत्तर बरोबर काढून इथे मार्क घालवणारी मुलं बघितली की मला फार वाईट वाटतं.

---

खडूफळा | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.१५ (भारतीय वेळ)

मी निवृत्त शिक्षक, सांगलीकडचा, ३१ वर्षं दहावीला गणित शिकवलं. ही सॅट मी पाहिलेली नाही पण एक विचारतो, राग मानू नये. पूर्ण परीक्षेला कॅल्क्युलेटर? मग गणित कसलं तपासता? पन्हंताई, तुमच्या यजमानांचं मला पटतं. १७ चा पाढा येत नाही आणि मुलगा इंजिनियर होणार!

---

उंटावरचा शहाणा | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.३३

सर, माझं वय ४४, इंजिनियर आहे, १७ चा पाढा मलाही येत नाही. पूल पडलेला नाही अजून. (सॉफ्टवेअर आहे, पूल नाही, ते सोडा.)

---

घनमूळ | १९ नोव्हेंबर, रात्री ८.१०

खडूफळा सर, नमस्कार. पूर्वी ही परीक्षा कागदावर होती तेव्हा बिनकॅल्क्युलेटरचा एक वेगळा विभाग असायचा, २० प्रश्न २५ मिनिटांत. अमेरिकेत मार्च २०२४ पासून सगळं डिजिटल झालं आणि तो विभाग गेला. आता डेस्मॉस नावाचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर त्या ॲपमध्येच बसवलाय. त्यामुळे नुसती आकडेमोड विचारण्यात अर्थच उरला नाही, प्रश्न मांडणीवर गेले.

म्हणजे असं बघा. वाय = एक्स वर्ग − ६एक्स + १४ हा पॅराबोला, आणि वाय = सी ही आडवी रेघ त्याला एकाच बिंदूत भेटते, सी किती? तुम्ही-आम्ही समीकरण मांडून विवेचक शून्य ठेवू. किंवा पूर्ण वर्ग करू, एक्स वजा ३ चा वर्ग अधिक ५, झालं, सी = ५. मुलगा डेस्मॉसमध्ये वक्र टाकतो, सगळ्यात खालच्या टोकावर टिचकी मारतो, ३ कॉमा ५ दिसतं, दहा सेकंदांत पुढे. पण एकच बिंदू म्हणजे टोक, हे त्याला कळायलाच लागतं, ते यंत्र सांगत नाही.

पाढे यावेत याबद्दल दुमत नाही. फक्त मार्चच्या आधीचे चार महिने त्यावर घालवू नयेत.

---

खडूफळा | २० नोव्हेंबर, सकाळी ८.४०

बरं. विवेचकाची आठवण काढलीत, समाधान वाटलं.

मग माझी एक जुनी रीत सांगतो, उपयोगी वाटली तर घ्या. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मुलं बसवायचो तेव्हा मी त्यांना गणित सोडवू देत नसे. आधी उदाहरण मोठ्यानं वाचायचं, मग "काय दिलंय" आणि "काय विचारलंय" हे आपल्या शब्दांत सांगायचं, आणि काय विचारलंय त्याच्याखाली रेघ. दहा उदाहरणं अशी नुसती वाचायची, सोडवायची नाहीत. मुलं वैतागायची. पण पंधरा दिवसांत वाचायची सवय लागायची. उत्तर आलं की ते रेघेपाशी नेऊन ताडून बघायचं, हेच विचारलं होतं का म्हणून. स्क्रीनवर रेघ मारता येत नसेल तर कच्च्या कागदावर एक शब्द लिहावा.

---

अर्धामराठी | २० नोव्हेंबर, रात्री ११.५८

हाय, मी १८ चा आहे, आजीमुळे मराठी वाचतो, टायपिंग स्लो आहे सो सॉरी. मी लास्ट इयर दिली, मॅथ ७७०.

काकू, मेन गोष्ट, काका शेजारी बसले नाही पाहिजे. माझे बाबा पण बसायचे आणि मी चूक केली की त्यांचा श्वासचा आवाज बदलायचा. ते काही बोलायचे नाही पण तो श्वास!! मग मी प्रश्न बघत नव्हतो, त्यांना बघत होतो. आम्ही डील केला की टेस्टच्या टाइमला ते बेसमेंटमध्ये, आणि नंतर मी त्यांना माझ्या चुका शिकवणार, ते फक्त ऐकणार. मला जे एक्सप्लेन करता आलं नाही ते मला येत नव्हतं, सिंपल.

डेस्मॉससाठी: दोन समीकरण असले की दोन्ही टाका आणि क्रॉस होतात तिथे क्लिक करा. टेबल दिला असेल तर टेबल टाकून रिग्रेशन (पॉइंट्सना फिट होणारी लाइन), बरोबरच्या जागी ती नागमोडी साइन वापरायची. सर्कलची इक्वेशन पण जशी आहे तशी टाकली तरी ड्रॉ होते. बट सगळं डेस्मॉसमध्ये करू नका, मी केलं आणि टाइम संपला. ४एक्स − ६वाय = १० आणि केएक्स − ९वाय = ७ ला नो सोल्यूशन, के किती, हे डोक्यातच फास्ट आहे, स्लोप सेम पाहिजे, ४ ला ६ तर के ला ९, सो ६.

आणि प्रीकॅल्क वाल्यांना डेटाचे प्रश्न येत नाही कारण शाळेत कुणी केलेच नाही. मार्जिन ऑफ एरर (अंदाज किती मागेपुढे असू शकतो), दोन डॉट प्लॉट (डॉट्सनी दाखवलेला डेटा) देऊन कुणाचं स्टँडर्ड डीव्हिएशन मोठं. फॉर्म्युला नाही लागत, कुणाचे डॉट्स जास्त पसरले ते बघा.

---

टेक्सासची तुळस | २१ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

"तो श्वास!!" 😂 अर्धामराठी, तुझी आजी कुठे असते रे, तिला सांग पोराला मराठी छान येतं.

---

कॅलिकाठचा कोकण्या | २१ नोव्हेंबर, दुपारी १.०२

एक विचारू का, सॅट द्यायलाच हवी का? आमच्याकडे यूसीवाले (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) स्कोअर बघतच नाहीत.

---

कैरीचं पन्हं | २१ नोव्हेंबर, रात्री ९.४५

कोकण्या, बरोबर आहे, पण त्याच्या यादीत एमआयटी आहे (स्वप्नं बघायला पैसे पडत नाहीत) आणि त्यांनी २०२२ मध्ये सॅट परत सक्तीची केली. बाकीच्या दोन ठिकाणी ऐच्छिक आहे, चांगली आली तर पाठवू.

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज चुकांची वही केली. चुकलेले प्रश्न सोळा निघाले. पहिल्यांदा नऊ जागी "सिली" लिहिलं होतं, घनमूळ म्हणाले तसं खोडायला लावलं, तर चिडून पेन टेकवून बसला आणि मग एकेक करून लिहिलं. सोळापैकी सात "प्रश्न वाचला नाही". चार आकडेमोड, त्यातल्या तीनमध्ये वजाचं चिन्ह कंसाबाहेर हरवलेलं. तीन डेटाचे, खरंच शिकवलेलेच नाहीत. दोन सुचले नाहीत.

सात! मी चार महिने त्याला अल्जेब्राचे व्हिडिओ दाखवतेय.

---

घनमूळ | २१ नोव्हेंबर, रात्री १०.०२

आता तुमच्याकडे अभ्यासक्रम तयार झाला. डेटा पहिल्या दोन आठवड्यांत उरकून टाका, वजनाला तो साधारण १५ टक्केच आहे पण तयार मार्क आहेत. मग रोज २० मिनिटं, खडूफळा सरांची रीत आणि थोडे मिश्र प्रश्न. मिश्रच हवेत, एकाच धड्याचे वीस सोडवले की हात आपोआप चालतो आणि परीक्षेत कोणता धडा आहे हेच ओळखता येत नाही. पूर्ण टेस्ट तीन आठवड्यांतून एक, शनिवारी सकाळी आठला, फोन दुसऱ्या खोलीत.

---

कैरीचं पन्हं | १२ जानेवारी, रात्री ११.१५

अपडेट द्यायला उशीर झाला, डिसेंबरमध्ये सासूसासरे आले होते.

दुसरी टेस्ट ६५०. तिसरी ६४०. ६४० ला घरात सुतक. पण वहीत "वाचला नाही" सातवरून तीनवर आलेत, म्हणजे काहीतरी हलतंय.

मुख्य सांगायचंय ते नवऱ्याचं. अर्धामराठीचा श्वासाचा किस्सा मी मोठ्यानं वाचून दाखवला, तर लेक इतका हसला की खुर्चीवरून पडायचा बाकी होता, आणि नवऱ्याचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, बघू मला दे, मी सोडवतो. बसला डायनिंग टेबलला, एक मॉड्युल, ३५ मिनिटं, लेकानं टाइमर लावला आणि हाताची घडी घालून शेजारी उभा राहिला. मी पोळ्या लाटत बघतेय. पहिले दहा प्रश्न भराभर. मग डॉट प्लॉट आला. नवरा स्क्रीनच्या जवळ गेला, लांब गेला, चष्मा पुसला. लेक मागून एक मोठा लांब श्वास सोडतो...

१९ बरोबर, ३ चूक. एक डॉट प्लॉट. उरलेल्या दोन्हींत एक्स काढून थांबला होता, विचारलं होतं भलतंच.

लेक काहीच बोलला नाही. वही आणून दिली, म्हणाला, बाबा, कारण लिहा, आणि "सिली" लिहायचं नाही.

तेव्हापासून रविवारी दोघं मिळून दहा-दहा प्रश्न करतात. १७ चा पाढा निघालेला नाही.

---

खडूफळा | १३ जानेवारी, सकाळी ८.०५

वा! आमच्यातर्फे यजमानांना शाबासकी सांगा. १९ ही काही वाईट कामगिरी नाही.

---

उंटावरचा शहाणा | १३ जानेवारी, सकाळी १०.२०

हे वाचून मी पण गुपचूप एक मॉड्युल केलं. आकडा विचारू नका. मुलीला सांगू नका.

---

टेक्सासची तुळस | २ मार्च, रात्री ८.४४

पन्हं, आठवडा राहिला ना? आता नवीन काही शिकवू नकोस. ब्लूबुकमध्ये एक्झाम सेटअप आधीच्या काही दिवसांत करून ठेवावा लागतो, प्रवेशपत्र त्यातूनच निघतं. लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि चार्जर पण दे, सेंटरवर प्लग मिळेलच असं नाही. फोटो आयडी. आधी रीडिंग-रायटिंग असतं, मग दहा मिनिटांची सुट्टी, मग गणित. त्या दहा मिनिटांत माझी लेक उपाशी फिरत होती कारण मी केळं दिलं होतं आणि तिला मैत्रिणींसमोर केळं खायचं नव्हतं.

---

कैरीचं पन्हं | ८ मार्च, संध्याकाळी ५.३०

झाली एकदाची. चौथी प्रॅक्टिस टेस्ट फेब्रुवारीत ६९० आली होती, त्यामुळे निदान रात्री झोपला तरी.

बाहेर आला तेव्हा मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. गाडीत बसला, डबा उघडला, तिखटमिठाच्या दोन्ही पुऱ्या सुट्टीतच संपल्या होत्या, "अजून आहेत का?" मग सिग्नलला थांबलो तेव्हा आपणहून म्हणाला की दुसरं मॉड्युल कठीण आलं. नवऱ्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं, कठीण आलं म्हणजे पहिलं बरं गेलं हे आम्हाला आता कळतं. एक प्रश्न शेवटच्या मिनिटाला बदललाय म्हणे, एक्सऐवजी दोन एक्स विचारलं होतं ते ताळा करताना दिसलं.

निकालाला दोन आठवडे आहेत. पुरणाची डाळ आणून ठेवलीये, पत्ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शहाणे, तुम्ही आधी तुमचा आकडा सांगा.